सहावा गिअर वाठारला असतो

वैजयंती शेडगे यांनी ससाणा नावाची नवी गाडी घेतली तेव्हा तिच्यात पाच गिअर होते आणि सहावा लोणंद रस्त्यावर, वाठारच्या अलीकडे, एका रसवंतीत कामाला होता.

शोरूममधल्या माणसाने ही गोष्ट लपवली नाही. चावी हातात देण्याआधीच तो म्हणाला, "मॅडम, पहिले पाच हजर आहेत. रिव्हर्सही आहे. सहावा अजून रुजू झालेला नाही."

"कधी होणार?"

"ते त्याच्यावर आहे. मॅन्युअल गाडीचा सहावा गिअर आपल्या मर्जीने येतो. कंपनी सक्ती करत नाही. मालकाने जाऊन भेटायचं, विचारायचं. बहुतेकदा जमतं."

"आणि नाही जमलं तर?"

"पहिल्या सर्व्हिसपर्यंत वाट बघतो. तोवर नाही आला, तर कंपनी आपल्या खर्चाने ऑटोमॅटिक बॉक्स बसवून देते."

वैजयंतीबाईंबरोबर त्यांचा धाकटा भाऊ शिरीष आला होता. तो हाडांचा डॉक्टर. बहिणीचा डावा गुडघा झिजला आहे आणि तिने क्लच दाबू नये, हे तो वर्षभर सांगत होता. त्याला ही बातमी ऐकून बरंच वाटलं.

"ताई, मग आत्ताच ऑटोमॅटिक घे ना. त्यांचे गिअर एकत्र वाढलेले असतात. सगळे एका घरात. कुणी उठून रसवंतीत जात नाही."

"मला माहितीय," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मी आणते त्याला."

साताऱ्यात शेडग्यांचं पेढ्यांचं दुकान होतं आणि वडिलांच्या मागे ते वैजयंतीबाई एकट्या चालवत होत्या. खवा किती भाजायचा यावरून त्यांनी आचाऱ्यांशी आयुष्यभर वाद घातले होते आणि एकदाही माघार घेतली नव्हती. एक गिअर आणायला किती वेळ लागेल, असं त्यांना वाटलं.

गाडीत बसणं हेच आधी एक काम होतं. ससाणाची सीट इतकी खाली, की आधी पाठ फिरवून टेकायचं, मग उजवा पाय आत, मग डावा हातांनी उचलून आत. पण एकदा बसलं की गाडी अंगावर चढवलेल्या ब्लाउजसारखी बसायची. क्लच जड होता, मात्र प्रामाणिक. कुठे पकडतो ते तळव्याला स्पष्ट कळायचं. गिअरचा दांडा आखूड. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मनगट नुसतं वळवायचं, की आत 'खट्' असा आवाज व्हायचा, सुपारी फुटल्यासारखा. घाट उतरताना वैजयंतीबाई पंजाने ब्रेक धरून टाचेने ॲक्सिलरेटरला टिचकी द्यायच्या आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गाडीला एवढासुद्धा झटका बसत नसे. त्या वेळी गुडघ्यातून कळ यायची. ती यायचीच. वैजयंतीबाई तिला येऊ द्यायच्या.

अडचण व्हायची ती महामार्गावर. पाचवा टाकला की पुढे काही नव्हतं. इंजिन ओरडत राहायचं. पाचवा काही बोलायचा नाही, तो स्वभावाने सोशिक होता. पण आपलं आणि दुसऱ्याचंही काम आपणच करतोय हे त्याला कळत होतं, आणि संध्याकाळी गाडी उभी केल्यावर तो बराच वेळ गरम राहायचा.

रविवारी यवतेश्वरच्या माथ्यावर 'तीन पेडल मंडळा'ची बैठक भरली. साताऱ्यात ज्यांना अजून हाताने गिअर बदलायला आवडतं अशी माणसं दर रविवारी तिथे चहाला जमत. कुणी नवी गाडी घेतली की त्याने तिचे अनुभव उभं राहून सांगायचे, अशी रीत होती. अध्यक्ष होते निवृत्त उपअभियंता चंद्रहास नेजकर. वैजयंतीबाईंनी क्लचबद्दल सांगितलं, दांड्याबद्दल सांगितलं, वळणावर मागची चाकं कशी रस्ता धरून बसतात ते सांगितलं. माना डोलल्या.

"आणि सहावा?" नेजकरांनी विचारलं.

"वाठारला आहे. रसवंतीत."

नेजकरांनी कप खाली ठेवला. "मग हे अनुभव अपुरे झाले, शेडगेबाई. वाईट वाटून घेऊ नका. मी माझ्या गाडीचे अनुभव सांगायला दीड वर्ष थांबलो; तेव्हा कंपनी बॉक्स बदलत नसे. माझा सहावा चिपळूणला लेथवर होता."

"तुम्ही कसा आणलात?"

"तो आला नाही," नेजकर म्हणाले. "मी गाडी विकली."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून देऊन वैजयंतीबाई वाठारच्या रस्त्याला लागल्या.

रसवंती लिंबाच्या झाडाखाली होती. वर हिरवं कापड, खाली लाकडी बाकं, आणि मधोमध लाल रंगाचा घाणा. घाण्याला घुंगरं बांधलेली. निवृत्ती झगडे नावाचे पन्नाशीचे गृहस्थ उसाची कांडकी आत सारत होते आणि त्यांच्या पत्नी कौसल्याबाई पेल्यांत बर्फ टाकत होत्या. बाकीची चाकं जुनी, काळवंडलेली. त्यांच्यात एकच चाक तळहाताएवढं, चांदीसारखं लखलखीत, आणि ते इतरांना सांभाळून घेत शांतपणे फिरत होतं.

"सहावे का?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"हो," गिअर म्हणाला. "एवढा घाणा होऊ द्या. गिऱ्हाईक उभं आहे."

वैजयंतीबाई बाकावर बसल्या. कौसल्याबाईंनी विचारल्याशिवायच आलं-लिंबू घातलेला पेला पुढे ठेवला. घाणा थांबला तसे झगडे हात पुसत आले.

"बाई, न्यायला आला असाल तर आधीच सांगतो, म्या काय त्याला बांधून घातल्याला न्हाई. त्यो आपल्या पायानं आला. पर लई गुणी हाय. त्यो आल्यापासनं चोथा निस्ता कोरडा पडतो."

"मी तुमचं नुकसान करायला आले नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या. मग त्या घाण्याकडे वळल्या. "मी वैजयंती शेडगे. गाडी माझी आहे. तुम्ही का आला नाहीत, तेवढं विचारायला आले."

गिअरने सरळ सांगितलं. आधीच्या मॉडेलमधला सहावा त्याच्याच साच्यातला, म्हणजे थोरला भाऊच. तो पुण्यातल्या एका गाडीत रुजू झाला. मालकाला हौस होती. पण सिग्नल, खड्डे आणि गतिरोधक यांतून गाडी कधी चौथ्याच्या वर गेली नाही. भाऊ आयुष्यभर तेलात बुडून बसला. "त्याला तेल मिळालं, पण दाताला दात कधी लागला नाही. भंगारात निघाला तेव्हा तो नव्यासारखा होता. लोक म्हणाले, बघा किती छान राहिलाय." मग तो स्वतःबद्दल म्हणाला, "मला छान राहायचं नाही. इथे मी दिवसभर फिरतो."

वैजयंतीबाईंनी विचार केला. साताऱ्यात सहावा टाकावा असा रस्ता नव्हता. दुकान ते घर दुसऱ्यात व्हायचं. घाटात तिसऱ्याच्या वर जायचं कारण नव्हतं. महामार्गावर त्या आठवड्यातून एकदा जात, तेही वेळ मिळाला तर.

"मी खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "रोज काम देता येणार नाही."

"मग कशाला येऊ?"

 वैजयंतीबाईंनी रस संपवला, पैसे दिले आणि पाच गिअरमध्ये घरी आल्या.

पण त्या पुन्हा गेल्या. त्यानंतर पुन्हा गेल्या. कधी झगड्यांच्या घरी पेढ्यांचा पुडा न्यायच्या, कधी नुसत्याच. गिअरला त्या काही विचारत नसत. बाकावर बसून घुंगरं ऐकायच्या आणि परत निघायच्या. शिरीषने एकदा त्यांचा गुडघा दाबून पाहिला आणि नाकाने लांब श्वास सोडला. पहिली सर्व्हिस जवळ येत होती. दरम्यान वैजयंतीबाईंनी शोरूमला फोन करून आणखी एक गोष्ट विचारून घेतली होती: ऑटोमॅटिक बसवल्यावर रुजू न झालेल्या सहाव्याचं काय होतं? पलीकडच्या माणसाने सांगितलं, की तो कंपनीचा माल असल्याने परत मागवतात आणि वितळवतात. वैजयंतीबाईंनी आभार मानून फोन ठेवला आणि हे कुणालाही सांगितलं नाही.

एका दुपारी त्या गाडीतून उतरताना दाराला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. पाय सरळ होईना. कौसल्याबाई धावत आल्या आणि त्यांनी हाताला धरून बाकावर बसवलं. पेल्यातला बर्फ फडक्यात बांधून गुडघ्यावर ठेवला.

"आवो, कशापायी जिवाला तरास करून घेता? बिनक्लचची गाडी मिळती की आता."

"मिळते," वैजयंतीबाई म्हणाल्या.

घाणा रिकामा फिरत होता. गिअरने विचारलं, "खरंच, का दाबता क्लच?"

वैजयंतीबाईंनी बर्फ जरा सरकवला. "भावाची ऑटोमॅटिक मी चालवून पाहिली आहे. चांगली आहे. ती मला घेऊन जाते. पण मला घेऊन जायला लोक लहानपणापासून येतात. वडील दुकानात घेऊन गेले, मामा स्थळं बघायला घेऊन गेले, शिरीष दवाखान्यात घेऊन जातो. मला कुणी न्यायला नकोय. मला जायचंय. आणि जाताना प्रत्येक वेळी कळायला हवं, की आत्ता मी गेले."

झगड्यांनी घाणा बंद केला. झाडावर एक होला घुमत होता.

"मंगळवारी रसवंती बंद असते," गिअर म्हणाला. "हे ऊस आणायला जातात. मी मोकळा असतो."

"मंगळवारी येऊ?"

"एकदा बघू. येतोच असं नाही."

मंगळवारी सकाळी झगड्यांनी गिअर सोडवला, धुतला आणि स्वच्छ पंच्यात गुंडाळून वैजयंतीबाईंच्या हातात दिला. पोरगी सासरी धाडताना सांगतात तसं त्यांनी बजावलं, "सांजच्याला आणून सोडा." वैजयंतीबाईंनी दांड्याभोवतीचं चामड्याचं आवरण वर उचललं. गिअर आत उतरला. खाली थोडी कुजबूज झाली. पाचवा सरकून बसला असावा.

साताऱ्याला वळसा घालून त्या कराडच्या दिशेने महामार्गाला लागल्या. पहिला, दुसरा, तिसरा. शेंद्रे मागे पडल्यावर रस्ता रुंद आणि मोकळा झाला. चौथा. पाचवा. इंजिनाचा आवाज चढत गेला.

"असाच आवाज असतो का?" खालून गिअरने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"पाचव्यात असतो."

"म्हणजे सहाव्यात याहून मोठा."

"घाबरलात?"

"मी उसाच्या वेगाने फिरतो, बाई. मला इतकं ओरडता येणार नाही."

तेव्हा वैजयंतीबाईंच्या लक्षात आलं, की सहाव्यात काय होतं हे याला कुणी सांगितलेलंच नाही. जो कधी वापरलाच गेला नाही, त्या थोरल्या भावालाही ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"तयार असाल तेव्हा सांगा," त्या म्हणाल्या आणि पाचव्यातच चालवत राहिल्या. एक ट्रक मागे पडला, मग उसाची शेतं, एक पेट्रोल पंप, पुन्हा शेतं. डाव्या पायाला रग लागली होती. त्यांनी घाई केली नाही.

"टाका," गिअर म्हणाला.

त्यांनी क्लच दाबला. गुडघ्यातली कळ मांडीपर्यंत गेली. दांडा उजवीकडे आणि खाली ओढला. 'खट्' झालं नाही. साजूक तुपात चमचा बुडावा तसा तो आत गेला. वैजयंतीबाईंनी क्लच सोडला आणि इंजिन गप्प झालं.

बंद पडलं नव्हतं. गाडी होती त्याच वेगाने चालली होती. फक्त ओरडणं थांबलं होतं. वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला, टायरचा ऐकू येऊ लागला. आकाश एकदम मोठं वाटायला लागलं. वैजयंतीबाईंचे खांदे आपोआप खाली आले. पाय क्लचवरून उतरून बाजूला विसावला आणि पुढे बराच वेळ त्याला काहीच काम उरलं नाही.

"एवढंच?" गिअरने विचारलं.

"एवढंच."

"मला वाटलं होतं, मला ओरडायला लागेल."

"तुम्ही आलात की बाकीच्यांचं ओरडणं थांबतं. तेच तुमचं काम."

 मग गिअरने विचारलं, कराड अजून किती लांब आहे. वैजयंतीबाईंनी सांगितलं. तो म्हणाला, मग जाऊन येऊ. संध्याकाळी त्यांनी त्याला पंच्यात गुंडाळून झगड्यांच्या हवाली केलं.

पुढचे मंगळवार तसेच गेले. पहिली सर्व्हिस मात्र बुधवारी आली.

कंपनीच्या गिअर-संबंध विभागाचे श्री. दुर्वास घाणेकर स्वतः तपासणीला आले. त्यांनी बॉक्स उघडायला लावला आणि आत बॅटरीचा उजेड टाकला.

"सहावा नाही."

"कामावर आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मंगळवारी असतो."

"बाई, नियमात शब्द आहे 'नियमित उपस्थिती'. मला बॉक्स बदलावा लागेल."

"त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय?"

घाणेकर नियमाने चालणारे होते, आणि गिअरचं म्हणणं ऐकून घ्यावं असाही एक नियम होता. म्हणून बॉक्स पुन्हा बंद करून ते, वैजयंतीबाई आणि शिरीष असे तिघे वाठारला गेले, वैजयंतीबाई ससाणातून. शिरीषने आपली ऑटोमॅटिक आणली होती. येताना बहिणीला तिच्यातून आणता येईल असा त्याचा हिशेब होता. रसवंतीत गर्दी होती. झगड्यांनी गिऱ्हाइकांना जरा दम खायला सांगितलं. घाणेकर घाण्यासमोर बाकावर बसले.

"तुम्ही ससाणाचे सहावे?"

"हो."

"आपण रुजू झाला नाहीत. बॉक्स बदलला, तर आपल्याला भट्टीत परत जावं लागेल, याची आपल्याला कल्पना आहे ना?"

घुंगरं वाजायची थांबली.

"नव्हती," गिअर म्हणाला. मग त्याने विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"इतके दिवस येत होता. एकदाही बोलला नाहीत."

"बोलले असते तर तुम्ही भीतीने आला असता," वैजयंतीबाई म्हणाल्या. "भीतीने पडलेला गिअर खरखरतो. मला तसा नको होता."

झगड्यांनी टोपी काढून हातात घेतली. कौसल्याबाई बर्फाची लादी धरून तशाच उभ्या होत्या. शिरीषने बहिणीकडे पाहिलं, आणि प्रथमच त्याची नजर तिच्या गुडघ्यावर गेली नाही.

गिअर घाणेकरांना म्हणाला, "साहेब, मी इथे कामाला आहे आणि ते सोडणार नाही. पण मी स्वतःला शेडगेबाईंच्याच गाडीचा मानतो. दर मंगळवारी पूर्ण दिवस असतो. तुमच्या बाकीच्या गाड्यांत जे सहावे रुजू झालेत, ते आत बसलेले असतात, मान्य. पण ते फिरतात किती?"

 उत्तर घाणेकरांना ठाऊक होतं. त्यांच्या विभागात बसणाऱ्या सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला.

"नियमित म्हणजे रोज असं म्हटलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "दर मंगळवार हेही नियमितच. बॉक्स बदलण्याचं कारण दिसत नाही." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "हे कामाचं नाही, पण विचारतो. मी या विभागात आलो तेव्हापासून सहाव्याला कुणी विचारलेलं ऐकलं नाही. गाडी कशी वाटली?"

गिअरने थोडा विचार केला.

"क्लच जड आहे, पण खोटं बोलत नाही. दुसरा जरा तापट, पण मनाने चांगला. पाचव्याशी माझं जमतं. इंजिनाला वर चढायची घाई आहे, आणि वर पोचलं की त्याला काय करावं कळत नाही. तिथे मी असतो. रस्ता खालून फार सुंदर ऐकू येतो. चालवणारी दाबायच्या आधी क्षणभर थांबते, आपण तयार आहोत का बघते. हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. अर्थात, दुसरीकडे मी गेलेलो नाही."

"रस घेणार का?" कौसल्याबाईंनी विचारलं. घाणेकरांनी घेतला. शिरीषने दोन पेले घेतले. मग गिऱ्हाइकांत चुळबुळ सुरू झाली, झगड्यांनी कांडकं आत सारलं आणि गिअर कामाला लागला.

रविवारी मंडळात वैजयंतीबाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यांनी सहाव्याचे अनुभव सांगितले. नेजकरांनी ते मान खाली घालून ऐकले. बैठक संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, चिपळूणला लेथ कोणत्या वारी बंद असतो याची कुणाला कल्पना आहे का.

पण ते नंतर. त्या बुधवारी शिरीष म्हणाला, "ताई, मागे माझ्या गाडीत बस, पाय लांब कर." वैजयंतीबाई म्हणाल्या, "तू हो पुढे." त्या ससाणाला पाठ करून टेकल्या, उजवा पाय आत घेतला, डावा उचलून आत घेतला आणि निघाल्या.

रसवंती मागे पडल्यावर रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंनी ज्वारी, समोर कुणी नाही. पाचवा टाकून झाला होता आणि इंजिन ओरडत होतं. गाडी पुढचा गिअर मागत होती. दांडा उजवीकडे आणि खाली ओढला, तर तो मोकळ्या जागेत गेला असता. वैजयंतीबाईंचा हात त्याच्यावर होता. त्यांनी तो तसाच ठेवला.

बुधवार होता.